पाणी वाढलं

सून आतून हाक मारते, "आई, वाढलंय, या लवकर." आणि माझा पाय उंबऱ्यातच थबकतो. रोज नाही, पण आठवड्यातून एखाद वेळ तरी. ती बिचारी जेवायला वाढलंय एवढंच सांगत असते, आणि मी भिंतीला हात लावून उभी. तिला वाटतं गुडघे दुखतात. मीही गुडघ्यांवरच ढकलते. चाळीसेक वर्षांपूर्वीचा एक टेलिफोन अजून माझ्या कानातून निघत नाही, हे सुनेला कुठल्या तोंडानं सांगू? म्हणेल, सासूचं डोकं फिरलंय.

आज लिहूनच टाकते. ऑफिसात सगळे म्हणायचे, बाई तोंडाची फटकळ, साहेबालाही सोडत नाही. म्हणायचे बापडे. जिथं तोंड उघडायचं होतं तिथं मी मूग गिळून बसले, हे त्यांच्यातल्या कुणाला कळलं नाही. ज्याला कळलं तो काही बोलला नाही.

लातूर तेव्हा उस्मानाबादेतून फुटून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्यांचा रंग ओला, ऑफिसं भाड्याच्या खोल्यांत, खुर्च्या कमी आणि साहेब जास्त. त्या भरतीत मला पाणीपुरवठ्याच्या एका ऑफिसात नोकरी लागली. गावाचं नाव सांगत नाही, लातूरच्या बाजूचं एक तालुक्याचं गाव एवढं पुरे. मी मूळची नांदेडकडची, उमरीची. आमच्या सगळ्या गोतावळ्यात सरकारी खुर्चीवर बसलेली मी पहिली बाई. वडील शाळामास्तर, छप्पन साली धम्म घेतलेले. मला बसमध्ये बसवताना ते एवढंच म्हणाले, "कुणाला दबायचं नाही, आणि खोटं बोलायचं नाही." नोकरी कच्ची होती. वर्षभर काम बघणार, कुठं बोट ठेवायला जागा नसली तर पक्की करणार.

काम तसं साधं. गावाची टाकी माळावर, उंच खांबांवर. पंप नदीकाठी, लांब. मध्ये आमचं ऑफिस. टाकीखालच्या पत्र्याच्या खोलीत एक माणूस बसायचा. तो दर तासाला फोनवर सांगायचा, टाकीत किती फूट पाणी आहे. मी ते वहीत लिहायचे आणि पंपावर निरोप द्यायचे, लावा किंवा बंद ठेवा. गावाच्या तोंडचं पाणी असं तीन तोंडांतून फिरत यायचं.

तो माणूस म्हणजे अप्पा. औशाचे लिंगायत, गळ्यात लिंग, डोक्याला पांढरी टोपी, आवाज असा की फोन नसता तरी ऑफिसात ऐकू आला असता. रिसीव्हर ते कानापासून वीतभर लांब धरायचे आणि त्यांच्यातला नमस्कार घालून ओरडायचे, "शरणार्थ बाई! नऊ फूट!" मी म्हणायचे, "अप्पा, हळू. कान गेला माझा." "हळू म्हणलं तर पाणी वाटेतच मुरतंय," ते म्हणायचे. पंचवीस वर्षं त्या टाकीखाली काढली होती त्यांनी, आणि पंचवीस वर्षं रोजंदारीवर. जिल्हा नवा झाला तशी अशा माणसांना कायम करायची यादी निघाली. त्यात अप्पांचं नाव होतं. यादी वर गेली होती, सही होऊन यायची होती. साठीला थोडी वर्षं उरली होती, त्याच्या आत कायम झाले तर म्हातारपणी पेन्शन, नाहीतर रिकाम्या हातानं घरी. येता-जाता विचारायचे, "बाई, यादी आली का?" मी म्हणायचे, "आली की पहिला फोन तुम्हालाच."

टाकीत पाणी किती हे अप्पा आत डोकावून सांगत नसत. टाकीत एक पत्र्याचा हवाबंद डबा तरंगत असायचा, फ्लोट म्हणतात त्याला. त्याला तार बांधलेली, तार टाकीच्या काठावरच्या कप्पीवरून बाहेर यायची आणि तिच्या टोकाला एक लोखंडी वजन लटकायचं. बाहेरच्या भिंतीला उभी फळी, तिच्यावर फुटांचे आकडे. वजन ज्या आकड्यासमोर, तेवढं पाणी. पण यात एक गंमत आहे. पाणी खाली गेलं की डबा खाली जातो, आणि बाहेरचं वजन वर चढतं. म्हणून फळीवरचे आकडे उलटे असतात, शून्य वर आणि पंधरा खाली. गावातल्या लोकांना हे काही केल्या पटायचं नाही. वजन वर चढलेलं दिसलं की बाया भांडायला यायच्या, "टाकी डोक्यापर्यंत भरलीय आन् आमच्या नळाला ठणठणाट!" अप्पा त्यांना समजावून समजावून बेजार व्हायचे. शेवटी म्हणायचे, "बाई, गरिबाचं असंच असतंय. आत जितकं कमी, भाईर तितकं वर."

त्या वर्षी दुष्काळ होता. नदीत डबकी उरलेली, वीज दिवसातून तीन-चार तास, आणि गावाला पाणी आठवड्यातून एकदा, वॉर्डाच्या पाळीनं. त्यातच एकदा पंप जास्त वेळ चालला आणि टाकी भरून सांडली. माळावर पाणी वाहताना लोकांनी पाहिलं. साहेबांनी मला समोर उभं करून मेमो दिला. म्हणाले, "पुन्हा एक थेंब सांडला तर पक्कं होणं विसरा." मी तो मेमो उशीखाली घेऊन झोपायचे. खोटं नाही सांगत.

त्यावर इलाज म्हणून टाकीला नवीन यंत्र आलं. झाकणातून आत तीन सळया सोडल्या, एक तळापर्यंत लांब, एक मधली, एक आखूड. पाण्यातून वीज जाते, एवढ्याच गोष्टीवर ते चालतं. लांब सळईत अगदी थोडी वीज सोडलेली असते. पाणी वर चढून दुसऱ्या सळईला टेकलं की दोन्हींच्या मधलं पाणीच तारेचं काम करतं आणि दिवा लागतो. पाणी मधल्या सळईच्या खाली गेलं की लाल, आखूड सळईला पोचलं की हिरवा, म्हणजे टाकी भरली. खांबांवरून तारा ओढून ते दिवे माझ्या टेबलासमोर भिंतीवर बसवले. मी काय खूश! खुर्चीवर बसल्या बसल्या माळावरची टाकी दिसते म्हणजे काय! अप्पांना बोलावून मोठ्या तोऱ्यात दाखवलं. त्यांनी दिव्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "उंटावरून शेळ्या हाकणं म्हंजी हेच बघा," म्हणाले. "दिव्याला तहान लागती व्हय बाई?"

मी रागावले. अप्पांना पोटाची भीती वाटते, दिवा आला की माणूस जाणार, म्हणून बोलतात असं मला वाटलं. साहेब मात्र म्हणाले, दोन्ही चालू द्या, दिवाही आणि फोनही. दोन साक्षीदार असलेले बरे.

मग तो दिवस आला. उन्हाळा ऐन भरात. सकाळी दहाला वीज आली की पंप लावायचा की नाही ते ठरवायचं होतं. रात्रपाळीच्या वहीत काहीच लिहिलेलं नव्हतं. मी समोर पाहिलं, हिरवा दिवा लागलेला. मनात म्हटलं, रात्री टाकी भरलेली दिसतेय. तेवढ्यात फोन वाजला. लाइन खराब, नुसती खरखर, आणि तिच्यातून अप्पांचा आवाज. त्या दिवशी ओरडले नाहीत. इतक्या हळू ते कधी बोलले नव्हते.

"बाई, पाणी वाढलं."

एवढंच. मी "बरं, बरं" म्हटलं आणि टाकीची लाइन तुटली, ती दिवसभर काही जुळली नाही. किती फूट, हे विचारायचं होतं मी. रोज विचारत होते. त्या दिवशी नाही विचारलं. दिवा हिरवा, माणूस म्हणतो वाढलं, आणि उशीखाली मेमो. मी वहीत लिहिलं, टाकी पूर्ण भरली. पंपावर निरोप दिला, आज बंद ठेवा. आणि साहेबांचा एकही थेंब सांडू दिला नाही म्हणून स्वतःवर खूश होऊन चहा मागवला. 

दुपारी तीनला अप्पा सायकल दामटत आले. घामानं निथळत होते. "बाई, पंप का न्हाई लावलाव? म्या सकाळीच सांगितलो."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना वाढलं म्हणून! भरलेल्या टाकीत कशाला पंप लावू?"

त्यांनी टोपीनं कपाळ पुसलं. मग दाराकडं एकदा पाहून, शेजारी कुणी झोपलेलं असावं अशा आवाजात म्हणाले, "बाई, पाणी वाढलं म्हंजी... न्हाई ऱ्हायलं."

मी अशी ओरडले की शिपाई धावत आला. "मग तसं सांगायचं! शून्य म्हणायचं! संपलं म्हणायला तोंड झिजतं का तुमचं?"

अप्पांनी कानावर हात ठेवले. "हळू बाई. पाण्याला तसलं म्हणू ने."

आता बांगडी फुटली की ती वाढली म्हणतात, नारळ फोडत नाहीत तर वाढवतात, हे मलाही ठाऊक होतं. शेजारपाजारच्या बाया मीठमिरचीलाही तसं म्हणायच्या. संपलं म्हटलं की खरंच संपतं, अशी भीती. पण आमच्या घरात वडिलांनी ते सगळं झाडून काढलं होतं. दिवा विझला तर विझला म्हणायचं, कुणी मेलं तर मेलं म्हणायचं, शब्दाला घाबरायचं नाही. आणि पाण्याच्या बाबतीत तर मला ते सुचलंच नसतं. पाणी खरोखरच वाढतं की हो! टाकीपाशी बसलेल्या माणसानं पाणी वाढलं म्हटल्यावर मी काय समजायचं होतं?

वीज गेलेली होती. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत यायची नव्हती. चारला वॉर्डाची पाळी होती, आठ दिवसांनी आलेली. बाया दुपारपासून घागरींच्या रांगा लावून बसलेल्या. नळांतून नुसता फुसकारा आला, नंतर तोही थांबला. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या घरचे लोक बादल्या घेऊन विहिरी शोधत फिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायांचा मोर्चा निघाला, रिकाम्या घागरी बडवत. तो आवाज मी ऑफिसच्या मागच्या खोलीत दार लावून ऐकला. कुणीतरी घागर भिरकावली, खिडकीची काच फुटली.

दिवा खोटं का बोलला ते नंतर कळलं. दुष्काळातलं पाणी तळाचं, क्षारांनी जड. सळया जिथं झाकणात बसवल्या होत्या तिथं चुन्यासारखी खपली धरली होती. वरून ऊन, आतून वाफ, ती खपली ओलीच राहायची, आणि वीज पाण्यातून जायच्या ऐवजी त्या ओल्या खपलीतूनच एका सळईवरून दुसरीवर जायची. पाणी पंधरा फूट खाली गेलेलं, तरी दिवा हिरवा. दोन साक्षीदार बरे, म्हणाले होते साहेब. त्या दिवशी एका साक्षीदारानं खोटं सांगितलं, दुसऱ्यानं खरं, आणि मला दोघांकडूनही एकच ऐकू आलं.

आठवड्यानं चौकशी लागली. चौकशीला आलेले अधिकारी परप्रांतातले, मराठी परीक्षेपुरतं शिकलेले, पण माणूस वाईट नव्हता. त्यांच्या खोलीत मी, अप्पा, आणि कोपऱ्यात दोन कारकून. दिव्याचा दोष ठेकेदाराकडं गेला. राहिला फोन.

"फोनवर नेमके शब्द काय होते?" त्यांनी मला विचारलं.

"पाणी वाढलं."

"नेमके हेच?"

"हेच."

मग अप्पांकडं वळले. "तुम्ही असं म्हणालात?"

"हाव साहेब."

"आणि टाकी भरलेली होती?"

"न्हाई साहेब. टाकीत कायच न्हवतं. म्हणून तर म्हणलो."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "काही नव्हतं म्हणून वाढलं म्हणालात? चेष्टा करता माझी?"

"साहेब, आमच्याकडं तसंच म्हणत्यात. बाईंला विचारा."

कोपऱ्यातले कारकून टेबलाकडं बघत बसले. त्या दोघांच्याही घरी तसंच म्हणत असणार, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं मला. "बाई, तुम्ही याच भागातल्या. तुमच्याकडे असं म्हणतात?"

अप्पा माझ्याकडं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. हे मला सगळ्यात जास्त खातं. त्यांना खात्री होती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, हो साहेब, म्हणतात, माझी ऐकण्यात चूक झाली. ते मी बोलले असते तर अप्पांचं यादीतलं नाव वाचलं असतं आणि मेमोवर मेमो चढून माझी नोकरी गेली असती. उमरीला परत, वडिलांसमोर. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

मी म्हटलं, "आमच्या घरी नाही म्हणत."

खोटं बोलायचं नाही असं वडिलांनी सांगितलं होतं. मी खोटं बोलले नाही. त्या दिवशी त्या खोलीत मी एक शब्दसुद्धा खोटा बोलले नाही, आणि एका म्हाताऱ्याचा गळा कापला.

अप्पांनी टोपी काढून हातात धरली होती ती डोक्यावर ठेवली. चुकीचा निरोप दिला म्हणून त्यांचं नाव यादीतून उडालं आणि कामही गेलं. टाकीखालची खोली बंद केली, तिथला फोन काढून आमच्या कपाटावर आणून ठेवला, तार कापली. दिवे दुरुस्त झाले. पुढच्याच वर्षी माझी ऑर्डर आली, बाई पक्क्या झाल्या. पेढे वाटले मी. हो, वाटले.

पण दर तासाला, घड्याळाचा मोठा काटा बारावर आला की माझ्या टेबलावरचा फोन वाजायचा. उचलला की खरखर, दुसरं काही नाही. लाइनमन म्हणाला, शेजारच्या तारेचा करंट उतरत असेल. म्हटलं, असेल. एकदा ऑफिसात कुणी नव्हतं तेव्हा मी रिसीव्हर घट्ट धरून विचारलं, "अप्पा?" खरखर थांबली. खरंच थांबली, की मला तसं वाटलं, मी आता शपथेवर सांगू शकत नाही. मग पुन्हा सुरू झाली.

पुढं बदल्या झाल्या, यंत्रं बदलली. टाकीच्या झाकणाला भोंग्यासारखं काहीतरी लावतात, ते पाण्यावर आवाज सोडतं आणि तो परत यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी सांगतं. तळाशी बसवायचं एक येतं, ते डोक्यावरच्या पाण्याचा भार बघून सांगतं. मी सगळी शिकले. नव्या पोरांना शिकवतानाही मी एकच सांगायचे, बाबांनो, पाणी मोजणारं यंत्र पाणी मोजतच नाही. ते तार मोजतं, वीज मोजतं, आवाज मोजतं, भार मोजतं, आणि पाणी आपण समजून घेतो. समजण्यातच घात होतो. पोरं मान डोलवायची. त्यांना वाटायचं बाईंना अनुभव मोठा. होताच की.

एकदा सोलापूरच्या बसमधून जाताना औशाच्या स्टँडवर अप्पा दिसले. धान्याच्या मोंढ्यात कुठंतरी राखणीला बसत होते म्हणे. टोपी तीच. त्यांनी मला खिडकीत पाहिलं आणि हात वर केला, शरणार्थ करतात तसा. मी वाकले आणि पायाशी पडलेलं काहीतरी शोधत राहिले. खाली काही पडलं नव्हतं. बस सुटेपर्यंत शोधत राहिले. नंतर कधीतरी कळलं, अप्पा वारले.

आणि तरीही मी स्वतःला सांगत आले की मी खरंच बोलले. आमच्या घरी नव्हते म्हणत. या एका वाक्याच्या आधारावर मी अख्खी नोकरी काढली, रिटायर झाले. मग आई शेवटच्या आजारात माझ्याकडं राहायला आली. वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. एके सकाळी ती स्वैपाकघरातून म्हणाली, "बाय, मीठ वाढलं बघ, आणायला सांग."

मी स्वैपाकघरात गेले. "आई, काय म्हणालीस?"

"मीठ वाढलं म्हणलं."

"आपल्या घरात कधी म्हणत होते असं?"

आई हसली. दात नव्हते तिला. "तुझे बाबा शाळेत गेले की म्हणायची. त्यांच्यापुढं कशाला? उगी रागावले असते. तू बी ऐकलेलं हाय की, ल्हान होतीस."

म्हणजे ते एक वाक्यसुद्धा खरं नव्हतं.

आईचं सगळं आटोपल्यावर मी औशाला गेले. विचारत विचारत घर सापडलं. अप्पांच्या बायको दारात शेंगा फोडत बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, पण नजर शाबूत. मी कोण ते सांगितलं. "टाकीवरच्या बाई व्हय," म्हणाल्या, आणि चटई सरकवली. पाणी दिलं. मी सांगायला बसले आणि थांबले नाही. फोन, हिरवा दिवा, चौकशी, मी काय बोलले आणि काय बोलले नाही, सगळं. रडले. या वयात परक्या बाईच्या दारात बसून पोरीसारखी रडले.

त्यांचे हात शेंगा फोडतच राहिले. माझं झालं तशा म्हणाल्या, "ह्ये त्येंला समदं म्हाईत हुतं."

"मग रागावले नाहीत माझ्यावर?"

"म्या रागावले. लई रागावले. म्हणलं, त्या बाईनं मातेरं केलं आपलं. तर मलाच गप करायचे. म्हणायचे, तिची बी नोकरी कच्ची हाय, कच्च्या नोकरीतलं माणूस कसं बोलंल?"

मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण क्षणभर बरंच वाटलं. चला, समजून घेतलं होतं त्यांनी. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "खरंच कच्ची होती हो माझी नोकरी."

"हां," त्या म्हणाल्या. "म्हणून तर वाट बघायचे. शेवटपत्तुर म्हणायचे, पक्की झाली की बोलंल."